प्रोटेक्ट आणि डिफेंड: आडोसा कुठे, लढाई कुठे?

प्रश्न असा आहे: ‘इंग्रजी-मराठी शब्दकोशात प्रोटेक्ट आणि डिफेंड या दोन्ही क्रियापदांपुढे रक्षण करणे, संरक्षण करणे असंच दिलेलं असतं. मग वन्यजीवांच्या कायद्यात प्रोटेक्शन आणि सैन्याच्या मंत्रालयात डिफेन्स असं का? एकाच्या जागी दुसरं वापरलं तर बिघडतं काय?’

बरंच बिघडतं. ‘अपघातात हेल्मेटने मला डिफेंड केलं’ असं इंग्रजीत लिहून पाहा. व्याकरणात चूक निघणार नाही, पण वाचणाऱ्याला हात-पाय फुटलेलं, समोरच्या ट्रकशी दोन हात करणारं हेल्मेट दिसेल. हेल्मेट प्रोटेक्ट करतं. छत्री, मोजे, मोबाइलचं कव्हर, सनस्क्रीन ही सगळी मंडळी प्रोटेक्टच करतात. डिफेंड करायला सहसा कुणीतरी हालचाल करणारं लागतं: माणूस, सैन्य, संघ, वकील, फार तर एखादा कुत्रा.

हा फरक शब्दांच्या मुळातच आहे. प्रोटेक्ट आलं लॅटिन ‘प्रोतेगेरे’वरून. त्यात ‘तेगेरे’ म्हणजे झाकणं आणि ‘प्रो’ म्हणजे पुढून. कौलाला लॅटिनमध्ये ‘तेगुला’ म्हणत, त्यावरून इंग्रजीतली टाइल आली. डिटेक्ट म्हणजे मुळात झाकण काढणं. संस्कृतातला स्थग् हा धातू याच कुळातला, आणि त्याचाही अर्थ झाकणं, लपवणं. आपल्या ‘स्थगित’मध्ये तो अजून आहे, झाकण्याचा अर्थ मात्र पार मागे पडला. डिफेंड आलं ‘देफेंदेरे’वरून: ‘दे’ म्हणजे दूर, ‘फेंदेरे’ म्हणजे मारणं, हाणणं. हे फेंदेरे संस्कृत हन् धातूचं नातेवाईक. ऑफेंड हे डिफेंडचं सख्खं भावंड आहे. कुंपणाचा फेन्स आणि तलवारबाजीचं फेन्सिंग हे दोन्ही शब्द डिफेन्सचं पहिलं अक्षर गळून तयार झालेले. म्हणजे एका क्रियापदात पुढे आडोसा धरणं आहे, दुसऱ्यात येणाऱ्याला हाणून मागे लोटणं आहे. व्युत्पत्तीवरून आजचा वापर ठरवू नये हे खरं, पण या जोडीत जुना अर्थ अजून चांगला तग धरून आहे.

मराठीत हा फरक ‘संरक्षण’ या भारदस्त शब्दाखाली दडपला गेला आहे. ग्राहक संरक्षण, पोलीस संरक्षण, संरक्षण मंत्री, सगळीकडे एकच शब्द. पण बोलीकडे वळलं की मराठी इंग्रजीइतकीच काटेकोर निघते. आपण किल्ला ‘लढवतो’, खिंड ‘लढवतो’. हे लढवणं म्हणजे तंतोतंत डिफेंड. उलट दागिने, डोळे, रोपं आपण ‘जपतो’, आणि ते प्रोटेक्टच्या जवळचं. रोपं ‘लढवली’ असं कोणी म्हणणार नाही.

जुलै १६६०चा प्रसंग यासाठी उत्तम आहे, कारण त्यात दोन्ही क्रियापदं एकाच वेळी लागू पडतात, मात्र कर्म वेगवेगळी. शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभू देशपांडे घोडखिंडीत उभे राहिले. बाजीप्रभूंनी डिफेंड केली ती खिंड. त्यामुळे प्रोटेक्ट झाले ते महाराज. हल्ला खिंडीवर होत होता, म्हणून खिंड डिफेंडचं कर्म. इजा ज्यांना पोचू द्यायची नव्हती ते महाराज, म्हणून ते प्रोटेक्टचं कर्म. इंग्रजीत या दोन कर्मांची अदलाबदल केली तर खिंडीला ऊन-पाऊस लागू नये म्हणून कुणी तिच्यावर छप्पर घातलं असं काहीतरी वाटू लागतं.

याच धाग्यावर माझ्या मते सर्वांत उपयोगी कसोटी आहे: यशाची. डिफेंड हे प्रयत्नाचं क्रियापद आहे, प्रोटेक्ट हे बव्हंशी परिणामाचं. नाशिकजवळचा रामशेज किल्ला मराठ्यांनी १६८२पासून मोगलांच्या वेढ्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढवला आणि अखेर तो गेला. इंग्रजीत ‘त्यांनी तो वर्षानुवर्षं डिफेंड केला, पण शेवटी गमावला’ हे वाक्य निर्दोष आहे. त्यात डिफेंडच्या जागी प्रोटेक्ट घाला, वाक्य अडखळतं. गमावला तर मग प्रोटेक्ट कसला केला? वकिलांचंही तसंच. आरोपीला फाशी झाली तरी वकिलाने त्याला डिफेंड केलं हे खरंच राहतं.

याला एक मोठा अपवाद आहे, तो म्हणजे कायद्यातला ‘प्रोटेक्टेड’. पुरातत्त्व खात्याच्या फलकावर एखादी पडकी वेस ‘संरक्षित स्मारक’ असते. तिथे प्रोटेक्टेड हा दर्जा आहे, प्रत्यक्ष परिणाम नव्हे. प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्यात २०१०मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट आहे. कुणी चाल करून आलेलं नसतानाही आखून ठेवलेलं हे कडं आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ यांच्या इंग्रजी नावांत प्रोटेक्शन आहे ते याच अर्थाने.

आता संविधान. मूलभूत कर्तव्यांचं कलम ५१-क १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने आलं, आणि या क्रियापदांचा अभ्यास करायला त्याच्यासारखा मजकूर नाही. इंग्रजी पाठात देशाची सार्वभौमता, एकता आणि अखंडता ‘प्रोटेक्ट’ करायची आहे. नैसर्गिक पर्यावरण ‘प्रोटेक्ट’ करायचं आहे. सांस्कृतिक वारसा ‘प्रिझर्व्ह’ करायचा आहे, सार्वजनिक मालमत्ता ‘सेफगार्ड’. आणि ‘डिफेंड’ एकदाच येतं, देशासाठी, तेही अटीसह: आवाहन केलं जाईल तेव्हा. पर्यावरण जपायला आवाहनाची वाट पाहायची नसते, ते काम रोजचं. डिफेंडला मात्र प्रसंग लागतो, कुणीतरी चालून यावं लागतं किंवा येणार अशी चिन्हं असावी लागतात. सैन्याच्या मंत्रालयाचं नाव डिफेन्स का, याचं उत्तर या एका अटीत आहे.

राष्ट्रपतींची शपथ (कलम ६०) आणि राज्यपालांची शपथ (कलम १५९) यांत तर तीन क्रियापदं ओळीने आहेत: प्रिझर्व्ह, प्रोटेक्ट, डिफेंड. पहिल्यात आहे तसं टिकवणं, दुसऱ्यात अपाय पोचू न देणं, तिसऱ्यात अंगावर आलेल्याला तोंड देणं. हिंदी पाठात त्यांना परिरक्षण, संरक्षण आणि प्रतिरक्षण असे शब्द योजले आहेत. ऐकायला जड आहेत खरे, पण ‘प्रति’ हा उपसर्ग बरोबर जागी पडला आहे. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या शपथेतही हीच तीन क्रियापदं याच क्रमाने येतात. अमेरिकी सैनिकाच्या शपथेत मात्र प्रोटेक्ट नाही. तिथे संविधान ‘सपोर्ट’ आणि ‘डिफेंड’ करायचं आहे, देशातल्या आणि परदेशी अशा सर्व शत्रूंविरुद्ध. शत्रूचा उल्लेख आला की क्रियापद डिफेंड होतं.

रणांगण सोडून शब्दांच्या लढाईत या. मत, निर्णय, धोरण, प्रबंध ही सगळी डिफेंडची कर्मं आहेत. पीएचडीचा विद्यार्थी तोंडी परीक्षेत प्रबंध डिफेंड करतो. ‘प्रोटेक्ट’ केला म्हटलं तर त्याने तो वाळवीपासून वाचवला असा अर्थ होईल. इथे मराठीत ‘संरक्षण’ मुळीच चालत नाही. समर्थन करणं, बाजू मांडणं, पाठराखण करणं हे शब्द हवेत. ‘मंत्र्यांनी आपल्या वक्तव्याचे संरक्षण केले’ अशी भाषांतरित वाक्यं अधूनमधून दिसतात, ती याच गफलतीतून.

कर्म माणूस असलं की फरक आणखी धारदार होतो. एखाद्या अधिकाऱ्यावर आरोप झाले आणि वरिष्ठांनी त्याला ‘डिफेंड’ केलं, तर ते पत्रकारांपुढे उघडपणे त्याच्या बाजूने बोलले. ‘प्रोटेक्ट’ केलं, तर चौकशीची फाइल टेबलावरून हललीच नाही. मराठीत पहिलं म्हणजे पाठराखण, दुसरं म्हणजे पाठीशी घालणं. पाठ दोन्हीकडे आहे, पण पाठीशी घातलेला माणूस दिसेनासा होतो, झाकला जातो. बातमीचं भाषांतर करताना इथे चूक झाली तर भाषेच्या चुकीवर भागत नाही, नोटीसही येऊ शकते. गुंडांच्या हप्त्याला इंग्रजीत ‘प्रोटेक्शन मनी’ म्हणतात. त्यात कुणी कुणासाठी लढत नाही, फक्त देणाऱ्यावरचं संकट तेवढं आवरून धरतात, आणि संकटही त्यांचंच!

व्यवसायात ही दोन क्रियापदं बहुतेक वेळा एकापाठोपाठ येतात. व्यापारचिन्हाची नोंदणी करणं म्हणजे ते प्रोटेक्ट करणं. कुणी नक्कल केली आणि कोर्टात जावं लागलं की ते डिफेंड करणं. भौगोलिक मानांकनाचंही तेच. १९९९च्या त्या कायद्याच्या इंग्रजी नावातच रजिस्ट्रेशन आणि प्रोटेक्शन आहे. कोकणच्या हापूसला २०१८मध्ये मानांकन मिळालं, ते प्रोटेक्शन. नोंदणी १० वर्षांची असते, मग नूतनीकरण करायचं. पण बाजारात परराज्यातला आंबा ‘देवगड’ म्हणून विकणाऱ्याविरुद्ध दाद मागणं हे नोंदणीने आपोआप होत नाही. तिथून डिफेंडचा प्रांत सुरू होतो.

क्रिकेटने तर हा धडा फुकट शिकवला आहे. पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट प्रोटेक्ट करतात. फलंदाज बॅटने यष्टी डिफेंड करतो. गोलंदाजी करणारा संघ धावसंख्या डिफेंड करतो: २५ जून १९८३ला लॉर्ड्सवर भारताने १८३ धावा डिफेंड केल्या, वेस्ट इंडीज १४०वर आटोपला. पण जम बसलेला फलंदाज शेवटच्या चेंडूवर एकेरी धाव काढून अकराव्या क्रमांकाच्या भिडूला गोलंदाजापुढे येऊच देत नाही, तेव्हा तो त्या भिडूला प्रोटेक्ट करतो. तिथे डिफेंड म्हणून चालणार नाही, कारण त्याच्यावर हल्ला होऊच दिलेला नाही.

दोन्ही चालतात अशाही जागा आहेत. बुद्धिबळात एखादं मोहरं दुसऱ्या मोहऱ्याच्या जोरात असेल तर ते डिफेंडेड किंवा प्रोटेक्टेड, काहीही म्हणा. पण पारिभाषिक नावं ठरलेली आहेत: आपल्याच प्याद्याच्या जोरात असलेलं मुक्त प्यादं (ज्याची वाट अडवायला समोरच्याचं प्यादं उरलेलं नाही असं) ‘प्रोटेक्टेड’, आणि काळ्याच्या सुरुवातीच्या खेळ्या सिसिलियन किंवा फ्रेंच ‘डिफेन्स’. संगणकावर एक्सेलची शीट आपण प्रोटेक्ट करतो. (त्यातले रकाने आधीपासून लॉकच असतात, पण शीट प्रोटेक्ट करेपर्यंत त्या लॉकला काही अर्थ नसतो. अनेकांची फाइल इथेच उघडी राहते.) व्हायरस शोधून मारणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र मायक्रोसॉफ्टने डिफेंडर हे नाव दिलं. लस प्रोटेक्शन देते आणि डिफेंड करतं ते शरीर. त्वचेला ‘फर्स्ट लाइन ऑफ डिफेन्स’ म्हणतात ते रूपक आहे, शरीराला किल्ला मानलं की तटबंदी आलीच.

वाक्यरचनेतल्या अडचणी थोड्या आहेत. दोन्हींपुढे ‘फ्रॉम’ आणि ‘अगेन्स्ट’ येऊ शकतात, पण डिफेंडला अगेन्स्टची ओढ जास्त. रोग, नुकसान, महागाई असलं काही असेल तर प्रोटेक्टपुढेही अगेन्स्ट बरं. ऊन, पाऊस, धूळ यांना फ्रॉम सहज बसतं. डिफेंड कर्माशिवायही उभं राहतं, ‘शेवटची दहा मिनिटं संघ नुसता डिफेंड करत होता’ असं म्हणता येतं. प्रोटेक्टला सहसा कर्म लागतं. उच्चारात आघात दुसऱ्या अक्षरावर, फक्त अमेरिकी खेळांच्या समालोचनात ‘डीफेन्स’ असा पहिल्यावर ऐकू येतो.

विशेषणांत मराठी माणूस हटकून घसरतो. मुलाला सायकलवर बसू न देणारी आई ‘प्रोटेक्टिव्ह’ असते, ‘डिफेन्सिव्ह’ नाही. साध्या प्रश्नालाही ‘म्हणजे मीच चुकलो का?’ असं उत्तर देणारा सहकारी डिफेन्सिव्ह. वार झाला असं तो धरूनच चालतो. ‘डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग’मध्ये हाच गुण कामी येतो: पुढचा रिक्षावाला हात न दाखवता वळणार हे गृहीत धरून अंतर ठेवायचं.

आणि ‘सेव्ह’ वेगळं. बुडणाऱ्याला सेव्ह करतात. त्याने बुडू नये म्हणून विहिरीला कठडा बांधला, तर ते प्रोटेक्ट करणं झालं.