व्यायामाच्या हप्त्यासाठी विमा सोडलात?

पत्र थोडक्यात असं: यजमान 59 वर्षांचे. दोन वर्षांपासून हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी; इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदयातलं किती रक्त बाहेर पडतं ते माप, 35 टक्के; सध्या औषधांवर स्थिर. मागच्या वर्षी पाय सुजून, दम लागून एकदा भरती झाले होते. बिल सात महिन्यांच्या घरखर्चाएवढं, त्यातले सहा विम्याने दिले. आता एक कंपनी घरबसल्या व्यायामाचं तीन वर्षांचं पॅकेज देतेय. त्यात ट्रेडमिल, छातीचा पट्टा, घड्याळ आणि व्हिडिओ कॉलवर प्रशिक्षक. एकरकमी भरले तर साडेपाच महिन्यांचा घरखर्च, नाहीतर 36 हप्ते, प्रत्येक हप्ता महिन्याच्या खर्चाचा पाचवा हिस्सा. शिल्लक आठ महिन्यांची. प्रश्न: एकरकमी की हप्ते? आणि अगदी शेवटी, जाता जाता: ‘आता भरती व्हायची वेळ येणार नाही असं ते म्हणाले, म्हणून यंदा आरोग्यविमा भरला नाही. मुदत संपून 12 दिवस झाले.’

ताई, विचारलेल्याचं उत्तर लहान आहे. 36 हप्ते म्हणजे सव्वासात महिन्यांचा खर्च. साडेपाचच्या मालाला सव्वासात, म्हणजे वर्षाला 18 टक्क्यांच्या आसपास व्याज. एकरकमी दिलेत तर हाताशी अडीच महिने उरतात. दोन्ही नकोत.

खरी चूक त्या शेवटच्या ओळीत आहे, तेव्हा पुढचं वाचण्याआधी विमा कंपनीला फोन लावा. मुदत संपल्यावर नूतनीकरणासाठी मिळणारे सवलतीचे दिवस (ग्रेस पीरियड) पॉलिसीच्या कागदावर छापलेले असतात. ते चालू असतील तर आजच पैसे भरा, पावती घ्या, आणि मधल्या 12 दिवसांत काही झालं असतं तर क्लेम मिळाला असता का, तेही विचारून ठेवा. दिवस उलटले असतील तर नव्याने अर्ज, नवी प्रतीक्षा मुदत, कदाचित सरळ नकार. अशा वेळी हृदयविकाराच्या रकान्यात ‘नाही’ असं लिहू म्हणणारा एजंट भेटला, तर त्याला वाटेला लावा. लपवलेला आजार क्लेमच्या वेळीच उघडा पडतो.

पॅकेज एकरकमी घेतलं, विमा नाही, आणि मागच्यासारखी एक भरती झाली, तर अडीचातून सात वजा करा. साडेचार महिन्यांचं कर्ज.

‘भरती टळेल’ याला आधार आहे का? पोलंडमधल्या टेलेरेह-एचएफ या चाचणीत हार्ट फेल्युअरचे 850 रुग्ण होते. नऊ आठवड्यांचा कार्यक्रम, त्यातले आठ घरी, दूरून देखरेखीखाली. निकाल 2019 मध्ये आला: चालण्याची ताकद वाढली, जगणं सुसह्य झालं, पण जिवंत आणि रुग्णालयाबाहेर घालवलेल्या दिवसांत फरक पडला नाही. म्हणजे व्यायाम करायचाच, डॉक्टरही तो सांगतात. जिना चढता येणं ही काही कमी कमाई नाही. पण त्याच्या जिवावर विमा सोडायचा नाही.

तीन वर्षांचा करार तर नकोच. 2009 च्या एचएफ-अ‍ॅक्शन या व्यायामाच्याच चाचणीत हार्ट फेल्युअरचे 2331 रुग्ण होते. घरच्या व्यायामाचं लक्ष्य आठवड्याला 120 मिनिटांचं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात मध्यक (निम्म्या रुग्णांचा व्यायाम याहून कमी) 95 मिनिटं होता, वर्षअखेरीस 74. विक्रेत्याला हे ठाऊक असतं. म्हणून तर पैसे आधी घेतात.

12 आठवड्यांपुरती देखरेख घ्या. आधी हृदयरोगतज्ज्ञांकडून ताणचाचणी (स्ट्रेस टेस्ट) आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी. सामान म्हणाल तर चाकं नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची, रक्तदाबाचं यंत्र, वजनकाटा, आणि चालण्यासाठी घरात मोजून आखलेलं 10 मीटर अंतर. ट्रेडमिल लागत नाही; चक्कर आली की पट्टा थांबत नाही, माणूस पडतो.

सुरुवातीला 10 मिनिटं हलक्या हालचाली, मग 10 मिनिटं चालणं. जमेल तसं दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवत 30 पर्यंत न्यायचं. आधी वेळ वाढवायची, वेग नंतर. शेवटी 10 मिनिटं हळूहळू थांबायचं. एकदम थांबलं की रक्तदाब खाली येतो, त्यातून यांच्या गोळ्याही रक्तदाब उतरवणाऱ्याच. जोर 6 ते 20 च्या बोर्ग मापावर (किती श्रम पडतायत ते ज्याचं त्याने सांगायचं) 11 ते 13, म्हणजे चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. घड्याळातलं ‘220 वजा वय’ हे कमाल नाडीचं सूत्र विसरा. ते 161 दाखवेल, आणि बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारी गोळी, घेणाऱ्याची नाडी तिथवर जाणारच नाही. तो आकडा गाठायच्या नादात माणूस दमून बसतो. ठोके अनियमित असतील तर घड्याळाचा आकडाच चुकतो. छातीत शॉक देणारं यंत्र बसवलं असेल तर ते किती ठोक्यांवर चालू होतं, हे प्रशिक्षकाला लेखी द्या.

रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर व्यायाम बंद, डॉक्टरांना फोन. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर तिथेच थांबायचं. यजमान व्यायाम करत असताना हाकेच्या अंतरावर कोणीतरी हवंच.

पैसे देण्याआधी कंपनीकडून तीन उत्तरं लेखी मागा: छातीच्या पट्ट्यावरचे आकडे नेमकं कोण बघतं, बिघाड दिसल्यावर किती वेळात फोन येतो, आणि रविवारी काय होतं. ‘अ‍ॅप बघतं’ असं उत्तर आलं तर ती देखरेख नव्हे, नोंदवही आहे. तिला देखरेखीचा भाव देऊ नका. आणि 12 आठवड्यांचं वेगळं विकत नसतील, तर रुग्णालयातल्या हृदयरोग विभागाच्या फिजिओथेरपिस्टकडे चौकशी करा.