छातीला पाणी लागलं की बघू!

प्रश्न: नाशिकच्या भांडी बाजारात आमचं दुकान आहे, सासरे बघतात. पाऊस लागला की मी म्हणते माल माळ्यावर चढवू, तर ते म्हणतात अजून गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेलाच पाणी आहे, छातीला लागलं की बघू. वर २०१६ आणि २०१९ ला मोठे पूर येऊन गेले, आता बरीच वर्षं टेन्शन नाही म्हणे. कसं समजवायचं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: ताई, मारुतीवरून त्यांच्याशी वाद घालू नका, अख्खं नाशिक गंगेचा, म्हणजे गोदावरीचा पूर तिथंच मोजतं आणि ते काही वेडेपणाचं नाही. क्युसेकचे आकडे ऐकून डोळ्यासमोर काही येत नाही (१ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, आलं काही?), मारुतीच्या गळ्याला पाणी म्हटलं की लगेच येतं. फक्त मारुती आलेलं पाणी दाखवतो, येणारं नाही. नदीवर वरच्या अंगाला असलेल्या गंगापूर धरणाचा विसर्ग वाढवल्याची सूचना आधी येते, मारुती नंतर बुडतो, मधला वेळ तोच तुमचा माल चढवायचा, आणि वाटेत शहरातले नाले मिळतात ते वेगळंच.

आता दोनदा आला म्हणून सुटलो, हे मात्र अजिबात खरं नाही, पूर काय पाळी लावून येतो का? निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येईल असा पूर, म्हणजे दरवर्षी शंभरात ४ शक्यता, मागच्या वर्षी येऊन गेला तरी यंदा तेवढीच. त्या रेषेवरचं दुकान ३० वर्षं चालवलं तर निदान एकदा पाणी तिथवर यायची शक्यता जवळपास ७० टक्के होते.

आणि "धरण आहे ना वर" हा दिलासाही जपूनच घ्यावा, भरलेल्या धरणात नवीन पाणी मावणार कुठं, ते खालीच सोडणार, २००८ चा पूर सप्टेंबरातलाच, म्हणजे धरणं भरत आलेली असतात तेव्हाचाच होता. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९४५ मध्येच लिहून ठेवलंय की नुसते बांध-धरणं बांधून भागत नाही, माणसं पूरपट्ट्यात कशी राहतात-वागतात तेही बघायला लागतं.

तर पाऊस डोक्यावर असताना उपदेश नको. मे महिन्यात निवांत असताना सासऱ्यांनाच विचारा, मागच्या वेळी किती विसर्ग होता तेव्हा आपल्या पायरीला पाणी लागलं? तो आकडा त्यांनाच काढू द्या, त्याहून बराच कमी आकडा ठरवून गल्ल्यावर लिहा, तेवढा विसर्ग झाला की चर्चा बंद, माल वर. त्यांचाच आकडा असला की ते ऐकतील, सुनेचा असला तर बघा काय होतं ते!

बरं, सगळंच चढवायचं नाहीये. पितळी पातेली, हंडे भिजले तर धुऊन निघतात. आधी हिशोबाच्या वह्या, इन्व्हर्टर, मिक्सरचे खोके उचला आणि निघताना मेन स्विच बंद करा.