इंग्लंडमधल्या ईम गावाला प्लेगच्या काळात धर्मगुरूने कसं वाचवलं? तिथे जाऊन पाहण्यासारखं काही आहे का?

‘धर्मगुरूने’ नाही हो, ‘धर्मगुरूंनी’. दोघं होते. या एकवचनावरून आमच्या घरात नऊ वर्षं धुसफूस चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

शेफील्डला राहत होतो तेव्हा ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे प्लेगमध्ये गेलेल्यांच्या स्मरणाच्या तिथल्या प्लेग संडेला, पुण्याहून आलेल्या मेव्हण्यांना ईमला नेलं. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, वर पाऊस. चर्चच्या आवारात कॅथरिन मॉम्पेसनचं थडगं बघून ते हेलावले. रेक्टरची, म्हणजे गावच्या धर्मगुरूची बायको, ऑगस्ट १६६६ मध्ये प्लेगनेच गेली. म्हणाले, ‘‘काय माणूस असेल हा विल्यम मॉम्पेसन! एकट्याने अख्खं गाव थोपवलं.’’

मी म्हटलं, दादा, गाव त्याचं ऐकतच कुठे होतं? तो १६६४ मध्ये आलेला नवखा. लोकांचा जीव आधीच्या धर्मगुरूवर, थॉमस स्टॅन्लीवर. स्टॅन्ली प्युरिटन, म्हणजे साध्या उपासनेचा आग्रह धरणारा कडवा प्रोटेस्टंट; १६६२ च्या कायद्याने सक्तीचं केलेलं प्रार्थनापुस्तक मानेना, म्हणून त्याला काढलं होतं. जून १६६६ मध्ये मॉम्पेसनला त्याचीच मदत घ्यावी लागली. दोघांनी मिळून लोकांना राजी केलं: गावाबाहेर कुणी जायचं नाही, आपलं माणूस आपणच घराजवळ नाहीतर शेतात पुरायचं, चर्च बंद, प्रार्थना कक्लेट डेल्फच्या घळीत, उघड्यावर. हद्दीवरच्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवायची, बाहेरचे लोक धान्य ठेवून जायचे.

मेव्हणे म्हणाले, ‘‘असेल. पण खुर्चीवर असतो त्याचंच नाव लागतं.’’

तिथे माझं डोकं फिरलं. आमचे वडील मास्तर होते. शाळेच्या संस्थेने त्यांना वेळेआधी घरी बसवलं. पुढे पूर आला तेव्हा नवे हेडमास्तर आमच्याच ओट्यावर आले, कारण गावकरी त्यांच्या सांगण्यावरून घरं सोडेनात. अण्णा रात्रभर दारोदार फिरले. शाळेतल्या पाटीवर नाव कुणाचं आहे, ते मेव्हण्यांना चांगलं ठाऊक आहे. परतीच्या वाटेवर आम्ही एक शब्द बोललो नाही. पुऱ्या तशाच राहिल्या.

मॉम्पेसनने स्वतःची मुलं आधीच बाहेर पाठवली होती, हेही मी तेव्हा सुनावलं होतं. खरं तर ते सुनवायला नको होतं. तो स्वतः राहिला, बायको गमावली. आणि ‘वाचवलं’ म्हणताना जपून म्हणा. १६६५ च्या सप्टेंबरात लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाबरोबर साथ आली असं सांगतात, आणि चौदा महिन्यांत साधारण २६० माणसं गेली. वाचली ती आजूबाजूची गावं.

जाऊन या. कॅथरिनचं थडगं कुणीही दाखवील. त्याच आवारात स्टॅन्लीचाही स्मारकदगड आहे, तो मात्र विचारून शोधा. मेव्हण्यांच्या फोनमध्ये थडग्याचे सात फोटो आहेत, त्या दगडाचा एकही नाही.