क्रूझमध्ये ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर एकच दिवस आहे, सोबत सत्तरीचे सासू-सासरे. त्यांना तिथे काय कळणार? उतरवावं की जहाजावरच राहू द्यावं?

उतरवा. ‘त्यांना तिथे काय कळणार’ असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. अगदी हेच वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, निफाडकडचे द्राक्ष बागायतदार. क्रूझवर आदल्या रात्री जेवताना धाकट्या दिरांनी परस्पर ठरवून टाकलं, की आप्पा-आई जहाजावर थांबतील आणि आपण ओइया नावाच्या गावी फोटो काढून येऊ. आप्पा काही बोलले नाहीत. मी बोलले. बरंच वाजलं. शेवटी दीर-जाऊ ओइयाला गेले आणि आम्ही आप्पा-आईंना घेऊन जहाजाच्या बससहलीला.

ही सहल घेतली की छोटी बोट अथिनिओस बंदरात सोडते आणि बस वर चढवते. स्वतःचं स्वतः गेलात तर ‘फिरा’ या मुख्य गावाचं जुनं बंदर, तिथे केबल कारची रांग, नाहीतर 580च्या वर पायऱ्या. खेचरांवर बसू नका. 100 किलोच्या वर ओझं लादू नये असा नियम ग्रीसला 2018 मध्ये करावा लागला, यातच काय ते आलं.

मेगालोहोरी गावापाशी, द्राक्षबागेजवळ बस थांबली. आप्पा उतरले आणि बघतच राहिले. मांडव नाही, तार नाही, ठिबक नाही. राखाडी, भुसभुशीत जमिनीवर काड्या गोल गुंडाळून वेलीचीच टोपली केलेली, घड तिच्या आत. आप्पांनी खाली बसून एक पान उलटं केलं, भुरी रोग आहे का बघायला. मग मला दुभाषी करून गाईडला प्रश्नांवर प्रश्न. पाणी कुठून देता? पाऊस जेमतेम, पण रात्री समुद्रावरून दमट हवा येते आणि ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड तो ओलावा धरून ठेवतो. टोपली वाऱ्यापासून घड वाचवायला. आणि कलम बांधायला खालचा खुंट कुठला? खुंट नाहीच! एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या बागा ज्या फायलोक्सेरा किडीने खाल्ल्या, ती या मातीत टिकलीच नाही, म्हणून कलमाची गरजच नाही. वेल म्हातारी झाली की बुडाशी कापतात, जुन्याच मुळातून नवी फुटते. डॉगरीज जातीच्या खुंटावर कलमं बांधण्यात आप्पांचं आयुष्य गेलंय. “म्हणजे मूळ आजोबाचं न् काडी नातवाची,” म्हणाले. नाशिकच्या मंडळींना ते अजून हे सांगतात.

पुढे अक्रोतिरी. इ.स.पू. 1600च्या सुमाराच्या उद्रेकात राखेखाली गाडलं गेलेलं शहर. 1967 पासून खोदतायत. वर छप्पर, चालायला नीट वाट, म्हणून वयस्करांना सोपं. आईंना तिथले मोठमोठे रांजण फार आवडले. ओइया सुंदर आहे, नाही म्हणत नाही, पण दुपारच्या उन्हात त्या गर्दीत ज्येष्ठांना चालवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

परतताना सहलवाले बहुधा फिरात सोडतात. केबल कारने खाली यायला संध्याकाळी मोठी रांग लागते, तेव्हा शेवटच्या बोटीच्या दोन तास आधीच निघा. 2025 पासून उन्हाळ्यात माणशी 20 युरो प्रवासीकरही आहे.

आणि हो, लाटा असल्या की छोट्या बोटीत पाय टाकणं अवघड जातं. गुडघ्यांचा त्रास असेल तर आदल्या दिवशी जहाजावर विचारून ठेवा. नसेल जमत तर राहू देत, पण ते त्यांनी ठरवावं. मुलांनी जेवणाच्या टेबलावर नाही.