ऑक्सिमीटर ९६ दाखवतोय, मग दम का लागायलाय?

"मॅडम, मला ऑक्सिजन कमी पडायलाय, पण ह्या मशीनला कळंना झालंय." अक्कांनी ब्लाऊजमधली छोटी पर्स काढली आणि त्यातनं ऑक्सिमीटर. कोरोनाच्या वेळेला घेतलेला, सेलचं झाकण तुटलेलं म्हणून त्याला औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावलेली, आणि ती पट्टी बोटांच्या घामानं काळी पडलेली. यावरनंच मला कळलं की दिवसातनं किती वेळा हे बोटाला लागतंय. विचारल्यावर म्हणाल्या पंधरा-वीस वेळा.

अक्कांची गोष्ट त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात. वजन वाढलं की शरीरात ऑक्सिजन कमी होतो का, हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं माझ्याकडं समुपदेशनाला येणारे बायका-पुरुष मला सारखा विचारतात म्हणून लिहावंसं वाटलं.

अक्का ४७ वर्षांच्या, घरी शिलाईकाम. लॉकडाऊनच्या आधी ६२ किलो होत्या, माझ्याकडं आल्या तेव्हा ८४, उंची १५३ सेंटिमीटर, म्हंजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ३६ च्या जवळ. आपल्या भारतीय लोकांसाठी २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. जिना चढला की दम, खाली वाकून मशीनची बॉबीन बदलायची म्हटलं की दम, आणि रात्री तीन उशा घेतल्याशिवाय झोप नाही. घरातले सगळे एकच सांगणार, वजन कमी कर. ते ऐकून ऐकून त्यांनी जिना चढणंच सोडलेलं.

मी आधी त्यांना शरीरात काय होतं ते सांगितलं. लोहाराचा भाता बघितलाय ना? तो वर-खाली व्हायला जागा लागते. आपल्या छाती आणि पोटाच्या मधे डायफ्रॅम नावाचा स्नायूचा पडदा आहे, तो खाली सरकला की फुफ्फुसात हवा येते. पोटात चरबी वाढली की ती या पडद्याला खालनं वर रेटते, आणि छातीवरची चरबी वरनं ओझं टाकते, मग प्रत्येक श्वासाला जास्त ताकद लागते. वाकलं किंवा उताणं झोपलं की पोट अजूनच वर येतं, म्हणून बॉबीन बदलताना दम आणि म्हणूनच तीन उशा. त्यात फुफ्फुसाच्या तळाकडच्या बारीक नळ्या नीट उघडत नाहीत, तिथं रक्त येतं पण हवा पोचत नाही, ते रक्त ऑक्सिजन न घेताच परत फिरतं. बरं, शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण २५० मिली ऑक्सिजन लागतो, पण २२ किलो जास्तीचं ओझं घेऊन जिना चढायचा म्हटलं की मागणी केवढी वाढणार. म्हंजे दम लागणं खरं आहे, अक्का नाटक करत नव्हत्या. हे ऐकल्यावर त्यांचे डोळे भरून आले.

मग ९६ का दाखवतंय? कारण जागेपणी शरीर जास्त कष्ट करून ते भरून काढतं. आणि ऑक्सिमीटर फक्त एवढंच सांगतो की रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजननं किती टक्के भरलंय, हिमोग्लोबिन मुळात आहे किती ते नाही सांगत. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचे सगळे डबे फुल्ल आहेत, पण गाडीला डबेच कमी जोडलेत, तर माणसं कमीच पोचणार ना. अक्कांचं हिमोग्लोबिन निघालं ९.४, म्हंजे कमीच. पाळीत जास्त रक्त जायचं, कुणाला बोलल्याच नव्हत्या. म्हणून मला राग येतो जेव्हा जाड बाईच्या दमाला लोक बघताक्षणी "वजनामुळं" म्हणून मोकळे होतात. हृदय, दमा, थायरॉईड, रक्त, सगळं डॉक्टरनी बघायलाच हवं, आणि छातीत दुखत असेल, ओठ निळसर दिसत असतील, अचानक दम लागला असेल किंवा बसल्या जागी आकडा ९२ च्या खाली असेल तर समुपदेशनाला यायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या भेटीत मी विचारलं, झोप कशी आहे. अक्का गप्प. बऱ्याच वेळानं पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मी स्वयंपाकघरात झोपते, दार लावून." का? "घोरते मॅडम. बाईमाणसानं घोरायचं म्हंजे... पोरगी मोठी झालीय, तिला बघायला लोक येतील, पावणे राहतील." चार वर्षं त्या कुठल्या लग्नाला मुक्कामी गेल्या नव्हत्या. सकाळी डोकं जड, दुपारी शिवता शिवता डुलकी, एकदा सुई बोटात गेलेली, ती खूण दाखवली मला.

माझ्या हिशेबानं या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "घोरते मॅडम" हेच होतं, आणि ते चार वर्षं स्वयंपाकघराच्या दाराआड राहिलं. वजन वाढतं तेव्हा चरबी गळ्याच्या आत, जिभेतसुद्धा साठते. झोपेत स्नायू सैल पडले की श्वासाची वाट मिटते, श्वास दहा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त थांबतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून उठवतो, परत तेच. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. दिवसभर बोटाला मशीन लावून बसलेल्या अक्कांचा ऑक्सिजन पडत होता रात्री, मशीन पर्समध्ये असताना.

डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली. तासाला ३४ वेळा अडथळा, ऑक्सिजन ७८ पर्यंत खाली. तासाला ३० च्या वर गेलं की तीव्र धरतात. तिथं सगळं कन्नड आणि इंग्रजीत सांगितलेलं, अक्का मान हलवून आल्या, मग माझ्यापुढं रिपोर्ट ठेवून म्हणाल्या मराठीत सांगा एकदा. आपल्याकडं हे फार होतं, म्हणून मी म्हणते दवाखान्यात जाताना कुणीतरी विचारणारं माणूस बरोबर न्या.

त्यांचे यजमान म्हणाले, "हिला ऑक्सिजनचं मशीन घेऊन टाकू, कोरोनातलं एक स्वस्तात मिळायलाय." माणूस मनापासून बोलत होता. पण वाटच मिटली असेल तर नुसता ऑक्सिजन सोडून काय उपयोग, आणि काही जाड माणसांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्यांना डॉक्टरला न विचारता ऑक्सिजन दिला तर तो अजून वाढू शकतो. अक्कांना लागत होतं सीपॅप, नाकाला मास्क लावून हवेच्या दाबानं गळ्याची वाट उघडी ठेवणारं मशीन.

पहिले दोन आठवडे रडारड. मास्क काढून फेकायच्या. मी सांगितलं दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसा, झोपायचं नाही, नुसती सवय. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री सलग पाच तास झोपल्या आणि सकाळी फोन, "मॅडम, डोकं हलकं झालंय."

वजनाचं त्यानंतर बोललो, आधी नाही. झोप मोडलेल्या माणसाला भूक जास्त लागते आणि अंग हलवायची इच्छा होत नाही, त्याला "भात सोड" सांगून काय होणार? भात सोडायला लावलाच नाही. रात्रीचा एक वाटी कमी केला, चारच्या चहाबरोबरची खारी बंद केली, लोहाच्या गोळ्या चालू होत्याच, आणि चालणं दहा मिनिटांपासून. आठ महिन्यांत ८४ चे ७७ झाले. वजन १० टक्के उतरलं तर झोपेतले अडथळे साधारण पाव भागानं कमी होतात, त्यामुळं मशीन अजून चालूच आहे, पण जिना एका दमात चढतात.

गेल्या महिन्यात नंदगडला भाचीचं लग्न होतं, दोन रात्री मुक्काम. अक्कांनी जायच्या आधी तिथल्या वहिनीला फोन करून विचारलं, "खाटेजवळ प्लग हाय काय गं? माझं घोरायचं मशीन लावायचंय."