बीएस्सी फिजिक्सला पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणायची तर प्राध्यापकांना सात दिवसांची एफडीपी (शिक्षकांची प्रशिक्षण कार्यशाळा) पुरेल का?

परभणीकडच्या कॉलेजातून विचारलंय म्हणून स्पष्टच सांगतो. बहुतेक एफडीपीत पाच दिवस व्हेरिएबल, लूप, लिस्ट आणि सहाव्या दिवशी 'आता फिजिक्स'. तोवर निम्मे सर पेपर तपासायला गेलेले असतात.

पहिल्याच तासाला लंबक घ्या. लांबी १ मीटर, कोन ६० अंश, टाइम स्टेप (गणिताची एक पायरी) ०.०१ सेकंद. लूपमध्ये तीनच ओळी: कोनावरून त्वरण, जुन्या वेगाने नवा कोन, मग नवा वेग. आलेख काढला की झोका वाढतच जातो. चालू ठेवलं तर लंबक शेवटी वरून पलटी मारतो. इथे हमखास कुणीतरी म्हणतं, "सॉफ्टवेअर गंडलंय." काही गंडलेलं नसतं, ही ऑयलरची साधी पायरी-पायरीची पद्धत आहे आणि ही चूक तिचीच. लहान कोनाला दर पायरीला ऊर्जा ०.०९८ टक्के वाढते (ओमेगाचा, म्हणजे कोनीय वारंवारतेचा, वर्ग गुणिले टाइम स्टेपचा वर्ग). एका आवर्तनात २०० पायऱ्या, म्हणजे जवळपास २२ टक्के. आता शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल करा: आधी वेग, मग त्या नव्या वेगाने कोन. ऊर्जा किंचित वरखाली होते, पण चढत नाही.

मग खरा लंबक टांगून स्टॉपवॉच काढा. ५ आंदोलनांना लहान कोनाच्या सूत्राने १०.० सेकंद, ६० अंशाला कोडने १०.८. गोळा जड घ्या आणि पहिली पाचच मोजा, हवेने कोन उतरत जातो.

"कोडिंग कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी शिकवावं" म्हणणारे प्रत्येक विभागात असतात. हा ऊर्जेचा घोटाळा त्यांच्या वर्गात कोण ओळखणार? म्हणून पायथनचा वेगळा पेपर नको, चालू प्रॅक्टिकलमध्येच घाला. आणि जर्नलला गुण ठेवा, नाहीतर पोरं फिरकत नाहीत.

लॅबच्या नेटवर विसंबू नका, इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर न्या. विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ च्या पुढचं चालत नाही. पायथन बसतच नसेल तर एक्सेलमध्ये हेच होतं. फक्त साइन रेडियनमध्ये. ६० तसंच टाकलं तर उत्तर उणे ०.३० येतं आणि लंबक उलटाच पळतो.

दिवसांचं म्हणाल तर सुट्टीत दोन सलग, पुढे सेमिस्टरभर महिन्यातून एक शनिवार. येताना प्रत्येकाने स्वतःचं एक प्रॅक्टिकल आणायचं, जाताना त्याचा बदललेला कागद न्यायचा. क्वांटमच्या पेपरला मात्र एवढ्यावर भागणार नाही, तिथे न्यूमेरिकल मेथड्स आधी पक्क्या लागतात.