सोमवारी ऑफिस, रविवारी कातळ

फोर-बाय-फोर: वाचकांचे प्रश्न

या वेळी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. सगळ्यांची अडचण सारखीच आहे: घरात एकच गाडी, आठवडाभर ती ट्रॅफिकमध्ये आणि सुट्टीला डोंगरात. म्हणून उत्तरं देताना एक अट धरली आहे. सोमवारी सकाळी गाडी तक्रार न करता ऑफिसला गेली पाहिजे.

प्रश्न: माझ्याकडे मारुतीची पाच दारांची जिम्नी, मॅन्युअल आहे. रोज घोडबंदर रोड ते ऐरोली. मुरबाड-शहापूरकडचे कच्चे रस्ते जमतात, आता दगडांचे चढ आणि ओढे करायचे आहेत. सोबतचे लोक २३५/७५ आर१५ टायर, दोन इंचाची लिफ्ट (उंच स्प्रिंग लावून गाडी वर उचलणं), लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायची मोटरवाली चरखी) आणि छतावर कॅरियर सुचवतात. सुरुवात कुठून करू?
– वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर: या यादीतून आत्ता फक्त टायर घ्या, तेही सांगितलेत त्याहून एक माप लहान.

आधी वजाबाकी करू. तुमच्या गाडीचं रिकामं वजन सुमारे १२०० किलो आणि कंपनीने ठरवलेलं भरलेल्या गाडीचं कमाल वजन १५४५ किलो. उरले ३४५. सत्तर-सत्तर किलोची चार माणसं बसली की २८० गेले. हातात ६५ किलो राहतात, आणि त्यातच पाणी, हत्यारं, दोर, कॉम्प्रेसर आणि डबे बसवायचे आहेत. लोखंडी बंपर आणि विंच मिळून ही शिल्लक सहज संपते. शिवाय ते वजन पुढच्या ॲक्सलच्याही (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्याही) पुढे लटकतं, म्हणजे उतरताना नाक आणखी दबतं. कॅरियर तर नकोच. वर चढवलेलं वजन सपाट रस्त्यावर जाणवत नाही, आडव्या उतारावर मात्र तेच गाडी कलंडवतं.

आता टायर. मूळ माप १९५/८० आर१५ (रुंदी मिमीत, बाजूभिंत रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), व्यास सुमारे ६९३ मिमी. २१५/७५ आर१५ घेतले तर ७०४, म्हणजे दीड टक्का वाढ. २३५/७५ आर१५ घेतले तर ७३४, म्हणजे जवळपास सहा टक्के. पोटाखालची उंची व्यासाच्या निम्म्यानेच वाढते: पहिल्यात ५ मिमी, दुसऱ्यात २०. त्या २० मिमीसाठी गिअरिंग सहा टक्क्यांनी उंच होतं, म्हणजे त्याच गिअरमध्ये ओढ तेवढी कमी मिळते, आणि १३४ न्यूटन-मीटरच्या इंजिनाला ते घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर लगेच कळतं. वेगाचा काटा मूळ टायरच्या तुलनेत सहा टक्के कमी दाखवतो, चाकांचं वजन वाढल्याने ब्रेकला जास्त कष्ट पडतात आणि स्टेपनीच्या वाढलेल्या वजनाने मागच्या दाराचे बिजागर ओढले जातात. रोज चालवायच्या गाडीला २१५ चं ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचं टायर) पुरतं. फायदा रुंदीपेक्षा मजबूत बाजूभिंत आणि उघड्या खाचांचा असतो.

मड-टेरेनचा (खास चिखलासाठीच्या टायरचा) मोह टाळा. त्याच्या मोठ्या रबरी ठोकळ्यांमुळे ओल्या सिमेंट रस्त्यावर रबर कमी टेकतं, ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाऊन थांबते, आणि घोडबंदरला पावसात तेच महागात पडतं.

तरीही २३५ च हवे असतील, तर विकत घेण्याआधी एका टायरवर तपासा. एक पुढचं चाक भक्कम दगडी ठोकळ्यावर साधारण २०० मिमी चढवा, दुसरं खाली राहू द्या. टायरच्या कडांना खडू फासा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. खडू आतल्या अस्तराला किंवा बंपरच्या कोपऱ्याला लागला, तर तिथे कापाकापी आली.

पाचही टायर एकाच मापाचे घ्या. रिमचे नट पाना फिरवून ‘घट्ट वाटेल’ तेवढे न आवळता टॉर्क पान्याने १०० न्यूटन-मीटरला लावा आणि ५०-१०० किमीनंतर पुन्हा तपासा.

टायरइतकाच फरक हवेने पडतो आणि तो फुकट आहे. दगड-मातीच्या वाटेवर १८ ते २० पीएसआय ठेवा. हवा कमी झाली की टायरचा टेकणारा पट्टा रुंद होतो त्याहून जास्त लांब होतो, म्हणून चाक दगडाला धरून ठेवतं. साध्या रिमवर १५ च्या खाली उतरू नका; वळणावर टायर रिमवरून सुटतो. धारदार काळा दगड असेल तर २० वरच थांबा, कारण फुगलेली बाजूभिंत तिथेच चिरते. कमी हवेवर वेग ३० च्या आत ठेवा. डांबर लागलं की दाराच्या पट्टीवर छापलेला दाब भरूनच पुढे निघा. कॉम्प्रेसर बॅटरीला चिमट्यांनी जोडणारा घ्या. लायटरच्या सॉकेटवर चालणारा चार टायर भरेपर्यंत तापतो किंवा फ्यूज उडवतो.

दुसरा खर्च पोटाखाली. पाच दारांच्या जिम्नीचा पुढचा कोन (नाक न घासता चढता येईल तो चढ) ३६ अंश आहे, पण पोटाचा (पोट न टेकता ओलांडता येईल तो उंचवटा) फक्त २४, कारण चाकांमधलं अंतर २५९० मिमी आहे. म्हणजे ही गाडी नाकाने नव्हे, दारांखालच्या पत्र्याने दगडावर बसते. बंपरऐवजी चेसिसला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) बोल्ट होणारे साइड स्लायडर, म्हणजे दारांखालचे भक्कम आडवे दांडे, लावा. चाचणी साधी आहे: स्लायडरला जॅक लावून ती बाजू उचला आणि दार उघडून बंद करा. दार अडकलं तर तो स्लायडर बॉडीला धरलाय, चेसिसला नाही, परत करा.

ट्रान्सफर केसखाली (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या डब्याखाली) संरक्षक पत्रा हवा. ३ मिमी स्टीलचं वजन दर चौरस मीटरला सुमारे २३.५ किलो, ६ मिमी ॲल्युमिनियमचं सुमारे १६ किलो. ॲल्युमिनियम हलकं असलं तरी मऊ असतं, खरखरीत जांभ्यावर रुततं. स्टील घसरत पुढे जातं. कोकणच्या बाजूला जात असाल तर स्टील घ्या. पत्र्याला पाणी आणि चिखल निघायला भोकं हवीत, नाहीतर खाडीकाठच्या हवेत आतून गंज धरतो.

लिफ्ट सगळ्यात शेवटी आणि ४० मिमीच्या वर नाही. का, ते पुढच्या पत्रात आहेच.

प्रश्न: जिम्नीला ४० मिमीची लिफ्ट बसवली. आता पाम बीच रोडवर ७०-८० ला स्टिअरिंग हलकं लागतं, वळणानंतर आपसूक सरळ येत नाही आणि खड्डा लागला की थरथरतं. गॅरेजवाले अलाइनमेंट केलं म्हणतात.
– वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर: टो (चाकं समोरून आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बरोबर असेल, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) नसेल. जिम्नीला पुढेही सलग ॲक्सल आहे आणि तो मागून येणाऱ्या दोन आर्मनी धरलेला आहे. स्प्रिंग उंच झाली की आर्म खाली झुकतात आणि त्यांच्याबरोबर ॲक्सल पुढच्या बाजूला फिरतो. कॅस्टर कमी झाला की स्टिअरिंगची सरळ यायची ओढ जाते. नट फिरवून हे सुधारता येत नाही. मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे कॅस्टर बुश (आर्मच्या टोकातल्या रबरी गाद्या) लागतात. अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टरचा आकडा मागा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा.

थरथर शोधताना क्रम सोडू नका. पहिलं, चाकांचं बॅलन्सिंग. रिमच्या आत सुकलेला चिखल असेल तर आधी तो खरवडा. दुसरं, पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश: कोणीतरी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवेल आणि तुम्ही खाली रॉडच्या टोकाकडे बघाल. बोल्ट भोकात हलताना दिसला तर चोर सापडला. तिसरं, किंगपिनचे (चाक ज्यावर वळतं त्या खुंट्याचे) बेअरिंग: चाक उचलून वर-खाली धरून हलवा. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारी नळी) सगळ्यात शेवटी. बरेच जण तोच आधी बदलतात; नवा डॅम्पर रोग झाकतो आणि दोन महिन्यांत स्वतःच मरतो.

आणखी एक चूक जवळपास प्रत्येक लिफ्टमध्ये होते. आर्म आणि रॉडचे बोल्ट गाडी गॅरेजच्या उचलयंत्रावर लटकत असतानाच आवळले जातात. बुशचं रबर त्या लटकत्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. उपाय: सगळे बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उभी करा, दोनदा दाबून सोडा आणि मग आवळा.

त्याच वेळी स्टिअरिंग पूर्ण वळवून, चाकं लटकती ठेवून पुढच्या ब्रेक होजला आणि एबीएसच्या वायरला ढील आहे का पाहा. हेडलाइटचा झोत खाली करून घ्या. समोरच्यांचे डोळे वाचतील.

प्रश्न: थारने गुडघाभर पाण्याचा ओढा दोनदा ओलांडला. नंतर मागच्या डिफचं (ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं, डिफरेंशियलचं) ऑइल चहासारखं निघालं. कंपनी ६५० मिमीपर्यंत पाणी चालतं म्हणते ना?
– वाचक, खारघर

उत्तर: इंजिनाला चालतं. डिफ तापून पाण्यात शिरला की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरवाटे (हवा आत-बाहेर जायच्या छोट्या भोकावाटे) किंवा झिजलेल्या सीलवाटे पाणी ओढून घेते. ते ऑइल आजच काढा. दुधाळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाही. ताजं भरा, ५०-१०० किमी चालवा, पुन्हा काढून पाहा. मॅन्युअलमधला ग्रेडच वापरा; तुमच्या गाडीत लॉकिंग डिफ (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) असेल तर त्याच्यासाठी सांगितलेलंच ऑइल, त्यात क्लच प्लेट असतात.

ब्रीदरला तेल सोसणारी रबरी नळी जोडून ती चाकाच्या कमानीपेक्षा उंच न्या. टोकाला छोटा फिल्टर लावा आणि वाटेत नळी कुठे चेपत नाही ना, ते बघा. पुढचा डिफ, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सचंही तेच. ओढ्यात उतरण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबलात तरी निम्मं काम होतं. काठी घेऊन आधी चालत जाऊन खोली बघा, पहिल्या लो गिअरमध्ये (ट्रान्सफर केसच्या जास्त ओढीच्या, कमी वेगाच्या टप्प्यात) माणसाच्या चालीने उतरा. मध्येच बंद पडली तर स्टार्टर फिरवू नका. इंजिनात पाणी गेल्यावर झालेलं असं नुकसान साध्या विम्यात सहसा धरत नाहीत. इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं.

प्रश्न: विंच कुठली घेऊ? जिम्नी आहे, आम्ही नेहमी दोन-तीन गाड्या असतो.
– वाचक, डोंबिवली

उत्तर: दोन-तीन गाड्या असतात ना? मग विंच नको. क्षमता एकूण वजनाच्या दीडपट धरतात, म्हणजे तुम्हाला सुमारे २३२० किलो. पण पूर्ण ओढीला विंच तीनशे-चारशे अँपिअर मागते. तेवढे बॅटरीतूनच जातात, अल्टरनेटर पुरा पडत नाही.

त्या पैशात ताणणारा कायनेटिक दोर, दोन सॉफ्ट शॅकल (दोर अडकवायच्या विणलेल्या कड्या) आणि पुढे-मागे चेसिसला बोल्ट होणारे रेटेड (क्षमता ठरवलेले) हूक घ्या. दोर जाडजूड नको. तुटण्याची क्षमता गाडीच्या वजनाच्या तिप्पट-चौपट, म्हणजे तुम्हाला पाच-सहा टन. १६ मिमीच्या आसपास. तीन टनी गाडीसाठीचा दोर जिम्नी ताणूच शकत नाही, मग धक्का हूकला बसतो. मागे ट्रेलरसाठी गोळा बसवला असेल तर त्याला दोर अडकवून कधीही ओढू नका. तो तुटला की तोफगोळ्यासारखा काचेतून आत येतो. ओढताना बाकीच्यांनी दोराच्या दीडपट लांबीइतकं दूर उभं राहायचं. आणि आधी फावडं काढा: चाकासमोरची माती उपसली की अर्ध्या वेळा दोर लागतच नाही.

प्रश्न: आरटीओचं काय? आणि येऊरला सराव करता येईल का?
– वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची नोंद कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. बंपरवरचा खर्च वाचवायचं हे आणखी एक कारण. जे काही लावाल ते विमा कंपनीला लेखी कळवा.

येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे वाटेबाहेर गाडी घालणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. खाडीकाठची खारफुटीही सोडा. जमीनमालकाची परवानगी घेतलेली जागा शोधा, आणि भाताची खाचरं कोरडी दिसली तरी बांध मोडू नका.

प्रश्न: चिखलातून आलं की दुसऱ्या दिवशी जिम्नीचे मागचे ब्रेक करकरतात, हँडब्रेकही अडकतो.
– वाचक, घणसोली

उत्तर: मागे ड्रम आहेत, चिखल आत शिरतो आणि लायनर व ड्रमच्या मध्ये सुकतो. घरी येताना शेवटचे दोन किलोमीटर रस्ता मोकळा असेल तर मधून मधून हलका ब्रेक धरून ड्रम कोरडे करा. रात्री हँडब्रेक न ओढता सपाट जागी गिअरमध्ये उभी करा, चाकाला दगड लावा. पाण्याचा प्रेशर पाइप चाकाच्या मागच्या बाजूने मारा, पण सील आणि ब्रीदरवर थेट नको. दर चार-पाच चिखली फेऱ्यांनंतर ड्रम उघडून ब्रशने झाडा. आतली धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा.